लेकराची पोटगी : कोर्टात की कचेरीत?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही त्या वाटेने जाणार नाही. आमचा विषय पोटगीचा आहे. आणि तोही नवराबायकोमधल्या पोटगीचा नव्हे, लेकराच्या पोटगीचा. बाप घर सोडून गेला, किंवा बायकोला माहेरी धाडून मोकळा झाला, तर त्या मुलाच्या पोटाचा, शाळेचा, औषधपाण्याचा खर्च बापाने किती द्यावा हे कोणी ठरवावे आणि कोणी वसूल करावे? आज ते कोर्ट ठरवते. आमचे म्हणणे असे की, जेथे खरे भांडण आहे ते कोर्टात जावे. जेथे नुसता हिशेब आहे तो कचेरीत व्हावा. एवढेच सांगण्यासाठी आम्ही आपला तासभर घेणार आहोत.

आम्ही वकील नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते मजुरांचे अर्ज लिहिता लिहिता आणि रात्री युनियनच्या खोलीत कायद्याची जुनी पुस्तके चाळता चाळता. तेव्हा वकिली सफाई आमच्या बोलण्यात सापडणार नाही. ती कोणी शोधूही नये.

युनियनच्या माणसाला या भानगडीत पडण्याचे काय कारण, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. टाकलेली बाई नवऱ्याचा पत्ता शोधीत निघाली म्हणजे कोर्टाच्या आधी ती युनियनच्या दाराशी येते. नवरा कोठे कामाला आहे, पगार काय, पाळी कोणती, हे तिला दुसरे कोण सांगणार? अशी एक बाई आमच्याकडे आली होती. गाव सांगत नाही, माणूसही सांगत नाही. नवरा पुण्याकडे एका कारखान्यात फिटर, हिच्या पदरी दोन मुले, आणि ही सोयाबीनच्या सोंगणीला, तुरीच्या निंदणाला जाणारी. पोटगीचा अर्ज तिने केलेला होता. तारखेला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, वर एस.टी.चे तिकीट, ते आता बायांना अर्धे झाले आहे हे खरे, पण अर्धेही पैशांतच द्यावे लागते. कधी समन्स बजावले गेले नाही म्हणून तारीख पुढे, कधी नवऱ्याचे वकील आले नाहीत म्हणून पुढे, कधी साहेब रजेवर म्हणून पुढे. ती म्हणाली, "भाऊ, मले नको काही त्याच्या जवळचं. पोराच्या शाळेचं तेवढं पाहा ना. त्याले तारीख समजत नाही, त्याले भूक समजते." आम्ही भाषणे पुष्कळ केली आहेत, यापेक्षा नेमके वाक्य आमच्या तोंडून कधी निघाले नाही.

आता कायदा काय आहे ते पाहू. मुलाला पोसण्याची जबाबदारी बापावर आहे याविषयी कायद्यात तिळमात्र संशय नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आपण ऐकले असेल. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम आता १४४ या आकड्याने ओळखले जाते. मूल औरस असो की अनौरस, ऐपत असलेल्या बापाने त्याला पोसलेच पाहिजे. हे कलम जात-धर्म पाहत नाही. मुसलमान मुलांनाही या कलमाखाली बापाकडून पोटगी मागता येते, घटस्फोटित स्त्रीसाठी झालेल्या १९८६ च्या कायद्याने मुलांचा तो हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगून टाकले आहे. हिंदूंसाठी १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा आणखी आहे. घरात मारझोड होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मुलांचाही खर्च मागता येतो. म्हणजे कायद्याची टंचाई नाही. टंचाई आहे ती कायदा हातात पडण्याची.

मुदतींचेच पाहा ना. २००१ साली संसदेने दुरुस्ती केली की, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा अर्ज निकालात काढावा. पुढे काय झाले? नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यात आईने स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अर्ज केला २०१३ साली. अंतरिम आदेश झाला २०१५ साली. नागपूर खंडपीठाने तो कायम केला २०१८ साली. आणि दिल्लीचा निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. पाळण्यातले मूल तोवर पाटीदप्तर घेऊन शाळेत जाण्याच्या वयाचे झाले. आणि हा सारा खटाटोप अंतरिम पोटगीचा, बरे का. अखेरच्या निकालाचा नव्हे.

तो निकाल मात्र चांगला आहे. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे त्यात सांगितले आहे. पण त्याच निकालात न्यायालयांना अशीही सूचना आहे की, प्रतिज्ञापत्रे आल्यावर चार ते सहा महिन्यांत तरी अंतरिम अर्जाचा निकाल लावण्याचा प्रयत्न करा. कायद्याने म्हटले साठ दिवस, आणि देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला म्हणावे लागते, सहा महिन्यांत तरी करा! यात न्यायाधीशांचा दोष आम्ही काढीत नाही. ज्या टेबलावर खून, दरोडे, चेक न वटल्याचे खटले आणि जामिनाचे अर्ज येऊन पडतात, त्याच टेबलावर लेकराच्या दुधाचा हिशेब ठेवला तर तो खालीच राहणार.

हुकूम झाल्यावरची गोष्ट याहून मौजेची आहे. बापाने पैसे दिले नाहीत तर दंड वसूल करतात त्या रीतीने ते वसूल करावेत, असे कायदा सांगतो. आणि दंड वसूल कसा करतात? एक रीत अशी की, कोर्ट जिल्हाधिकाऱ्याच्या नावे वॉरंट काढते आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतो. म्हणजे कोर्टात दोन-तीन वर्षे हेलपाटे घालून शेवटी कागद यायचा तो तहसील कचेरीतच! दुसरी रीत कैदेची. महिनाभरापर्यंत कैद. पण बाप तुरुंगात बसला म्हणजे त्याची रोजी बुडाली, कंत्राटी असला तर नोकरीही गेली, आणि मुलाच्या हाती पुन्हा भोपळा. शिवाय वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही तर त्या थकलेल्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. आता हे वर्षाचे गणित त्या सोंगणीला जाणाऱ्या बाईला कोणी सांगायचे?

येथे एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. कचेरीने पोटगी ठरवावी हे ऐकून पुष्कळांना वाटेल की, हे काही तरी विलायती खूळ आहे. तसे नाही. १८९८ च्या फौजदारी संहितेत कलम ४८८ होते. पोटगीचा हुकूम करण्याचा अधिकार त्यात प्रथम वर्गाच्या दंडाधिकाऱ्याबरोबर जिल्हा दंडाधिकाऱ्याला आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यालाही होता. म्हणजे आपण ज्यांना कलेक्टर आणि प्रांत म्हणतो त्यांना. १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि हे काम न्यायिक दंडाधिकाऱ्याकडे गेले. का गेले? तर राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदात सांगितले आहे की, न्यायाचे काम आणि कारभाराचे काम वेगळे असावे. तत्त्व उत्तम आहे, आणि आम्ही कामगारवाले तर त्या तत्त्वाचे पक्के कैवारी. जमावबंदीचा हुकूम काढणारा तोच, शांतताभंगाच्या नावाखाली संपवाल्यांकडून जामीन मागणारा तोच, हा अनुभव आमच्या चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. म्हणून, "तुम्हीच आता लेकराला प्रांताच्या दारात नेऊन उभे करता काय?" असा टोमणा आम्हांला मारला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर आम्ही देणार आहोत.

पण त्याआधी एक प्रश्न आपल्याला विचारतो. आजमितीस म्हातारे आईबाप मुलाकडून पोटगी मागतात ती कोठे? २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा झाला. त्याप्रमाणे अर्ज जातो तो उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल. फार झाले तर कारणे लिहून आणखी ३० दिवस. म्हाताऱ्याची बाजू मांडायला हवा तर भरणपोषण अधिकारी. अपील जिल्हाधिकाऱ्याच्या पातळीवर. संसदेचे म्हणणे असे की, म्हाताऱ्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या झेपत नाहीत. अगदी रास्त. मग चार वर्षांच्या पोराला त्या झेपतात काय? आजोबा नातवाचा हात धरून एकाच कचेरीत जाऊ शकत नाहीत. आजोबाने प्रांताकडे वळावे आणि नातवाने कोर्टाकडे! पैसे मात्र दोघांना एकाच माणसाकडून हवे असतात.

याच कचेरीच्या आवारात दुसरा एक चमत्कार आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज तहसील कचेरीत येतात. त्या योजनेत ज्या स्त्रिया बसतात त्यांत घटस्फोट झालेल्या पण पोटगी न मिळणाऱ्या स्त्रियाही आहेत. म्हणजे सरकारी कारकून एका बाईच्या कागदावर लिहून घेतो की, हिला पोटगी मिळत नाही. तेवढे लिहून झाले की त्याचे काम संपले. का मिळत नाही, देणारा कोठे आहे, त्याला काय मिळते, हे विचारण्याचा अधिकार त्या टेबलाला नाही. उत्पन्नाचा दाखला तीच कचेरी देते, सातबारा तिच्याच ताब्यात, रेशनकार्ड तिच्याच खालच्या शाखेत. माहिती सगळी आहे. हुकूम तेवढा नाही.

आता आमच्या कामगारांच्या मुलखात या. मजुराचे पैसे बुडाले तर त्याने दिवाणी कोर्टात जाऊन स्टँप लावून दावा करावा, असे एके काळी होते. त्यात मजूर हरतच असे. कायदा त्याच्या विरुद्ध होता म्हणून नव्हे, तर दावा चालेपर्यंत जगायचे कसे हा प्रश्न होता म्हणून. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. अपघातात कामगार दगावला तर मालकाने भरपाई थेट कोणाच्या हातात द्यायची नाही, आयुक्ताकडे जमा करायची, आणि आयुक्ताने ती विधवेला व मुलांना वाटून द्यायची, अज्ञान मुलाचा वाटा त्याच्या नावे गुंतवून ठेवायचा. पुष्कळ ठिकाणी हे आयुक्तपद न्यायाधीशाकडेच असे, हे खरे. पण पद्धत दिवाणी दाव्याची नव्हती, झटपट चौकशीची होती. तेव्हा पाहा, बाप यंत्रात सापडून मेला तर त्याच्या लेकराचा पैसा सांभाळायला शंभर वर्षांपासून अधिकारी बसलेला आहे. बाप जिवंतपणी पळाला तर कोणी नाही.

१९५६ साली औद्योगिक विवादांच्या कायद्यात कलम ३३-सी आले. निवाड्याप्रमाणे कामगाराचे पैसे निघत असतील आणि मालक देत नसेल, तर सरकार दाखला काढते आणि जिल्हाधिकारी महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ते वसूल करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांत विरघळले आहेत. त्या संहितांशी आमचे दहा ठिकाणी भांडण आहे, पण तो आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच की, मजुरीच्या वसुलीसाठी अधिकारी, मुदत आणि जिल्हाधिकाऱ्याचा हात ही वाट आपल्या देशाला चांगली परिचयाची आहे.

आणि हमालांचे उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राचेच. १९६९ चा माथाडी कायदा. त्याआधी हमालाला व्यापाऱ्याच्या पेढीसमोर उकिडवे बसून हमाली मागावी लागे. तो देईल तेव्हा, देईल तेवढी. कायद्याने मध्ये मंडळ उभे केले. व्यापाऱ्याने पैसे मंडळात भरायचे, मंडळाने हमालाला द्यायचे. पैसा तोच, पण मागणाऱ्याची मान वर झाली. पोटगीत नेमके हेच हवे आहे. आज हुकूम झाला तरी बाईला नवऱ्याच्या दाराशी, नाही तर त्याच्या भावाच्या फोनशी उभे राहावे लागते. तो पाचशे देतो, हजार म्हणून सांगतो, आणि वर चार शिव्या. मध्ये मंडळ पाहिजे.

बाहेरच्या देशांत काय झाले तेही थोडे पाहावे. शहाण्याने दुसऱ्याच्या ठेचेवरून रस्ता ओळखावा. ऑस्ट्रेलियाने १९८८ साली मुलांच्या पोटगीची वसुली प्राप्तिकर खात्याकडे दिली, आणि १९८९ साली आकारणीही कोर्टाकडून काढून कचेरीकडे सोपवली. पहिले सूत्र असे होते: वेगळे राहणाऱ्या पालकाच्या उत्पन्नातून त्याच्या स्वतःच्या पोटापुरते वजा करायचे, आणि उरलेल्यातून एका मुलाला १८ टक्के, दोघांना २७ टक्के, तिघांना ३२ टक्के. पुढे सूत्र बदलले, पण तत्त्व राहिले. वकिलाला विचारावे लागत नाही. आई घरी बसून बेरीज करू शकते. जर्मनीत १९८० पासून अशी सोय आहे की, बाप देत नसेल तर सरकार मुलाला आगाऊ देते आणि मग बापाच्या मागे लागते. भुकेला थांबता येत नाही, सरकारला थांबता येते, हे त्यामागचे गणित.

इंग्लंडने मात्र घोटाळा केला. १९९१ साली कायदा केला, एप्रिल १९९३ मध्ये खास कचेरी उघडली. सूत्र इतके गुंतागुंतीचे की तिथल्या कारकुनांनाच सुटेना, यंत्रे बिघडली, थकबाकी अब्जावधी पौंडांवर गेली. पण आमच्या मते खरी चूक निराळीच होती. सरकारी मदतीवर जगणाऱ्या आईला पोटगी आली की तेवढीच मदत सरकार कापून घेई. बाप पैसे भरी, मुलाच्या ताटात एक घासही जास्त पडत नसे. तिजोरीचा भार तेवढा हलका होई. मग आई तरी कशाला सांगेल आणि बाप तरी कशाला भरील? शेवटी ती कचेरी मोडून २०१२ साली दुसरी काढावी लागली. आपल्याकडे उद्या कोणी म्हणेल की, पोटगी सुरू झाली आता निराधार योजनेतून नाव कमी करा. तर त्याला हे उदाहरण तोंडावर सांगावे.

अमेरिकेत १९७५ पासून प्रत्येक राज्यात मुलांच्या पोटगीचे खाते आहे आणि पगारातून परस्पर कपात होते. कित्येक राज्यांत हुकूमही खात्याचा अधिकारीच काढतो. पण मिनेसोटा राज्यात निराळे घडले. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली. त्यांचे म्हणणे, कोर्टाचे मूळ काम तुम्ही कारभारी खात्याला देऊन टाकले आणि कोर्टाची देखरेखही पुरेशी ठेवली नाही. मग तेथल्या विधिमंडळाने काय केले? काम पुन्हा कोर्टाच्या छत्राखाली आणले, पण फक्त मुलांच्या पोटगीसाठी वेगळे दंडाधिकारी नेमले. वेगळे टेबल, तेही कोर्टाच्याच घरात. हा धडा आपण गिरवण्यासारखा आहे.

तेव्हा तो टोमणा आता अंगावर घेतो. प्रांताच्या हाती न्याय देऊ नये हे बरोबर. पण प्रत्येक पोटगी म्हणजे न्यायनिवाडा असतो काय? विवाहातून जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच, असे कायदा धरूनच चालतो; जुन्या पुराव्याच्या कायद्यात ते कलम ११२ होते, २०२३ च्या साक्ष अधिनियमात ११६ आहे. म्हणजे बहुतेक घरांत बाप कोण हा वादच नाही. बाप नोकरदार असला तर पगार किती हाही वाद नाही, पगारपत्रक सांगते. मुले किती हे शाळेचा दाखला सांगतो. मग उरले काय? भागाकार आणि वजाबाकी. त्यासाठी काळा कोट कशाला? परंतु बाप म्हणाला, हे मूल माझे नाही. किंवा आई म्हणाली, ह्याची मिळकत लपवलेली आहे, साक्षीपुरावे घ्या. किंवा ताबा कोणाकडे हा झगडा निघाला, तर कागद तत्काळ कोर्टाकडे जावा आणि तेथेच राहावा. आणि कचेरीच्या प्रत्येक हुकमावर कोर्टात अपील असलेच पाहिजे. मात्र अपील चालू असताना लेकराचा हप्ता थांबता कामा नये. हा आमचा आडाखा आहे.

२००७ च्या कायद्यात वकिलांना न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याची बंदी घातली होती. निरनिराळ्या उच्च न्यायालयांत त्यावर वाद झाले. केरळच्या उच्च न्यायालयाने तर ती बंदी रद्दच केली. आम्ही म्हणतो, बंदी घालूच नका. कागद इतका सोपा करा की वकिलाची गरज पडू नये.

आणखी एक धोका रकमेच्या कमाल मर्यादेचा. १८९८ च्या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, १९२३ साली १००, १९५५ साली ५००. आणि त्या पाचशेवर केंद्राचा कायदा २००१ पर्यंत, म्हणजे ४६ वर्षे, बसून राहिला! या शेहेचाळीस वर्षांत ज्वारी कोठल्या कोठे गेली. २००७ च्या कायद्यातही आईबापांसाठी दहा हजारांची मर्यादा आहेच. महागाई भत्त्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांना हे लगेच कळेल. लेकराचा दर ठरवायचा तो महागाईच्या निर्देशांकाला बांधूनच ठरवावा, म्हणजे दरसाल तो आपोआप चढेल. आईला वाढीसाठी नवा अर्ज करावा लागू नये.

आता अवघड जागेकडे येतो. आमचेच सभासद. युनियनच्या सभेत आम्ही हा विषय काढला तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "मजुराच्या पगाराला कात्री लावायला युनियन कधीपासून लागली?" प्रश्न खरा आहे. मालकाने पगारातून दंड कापू नये, मोडतोड कापू नये, म्हणून आमच्या वाडवडिलांनी लढून १९३६ चा वेतन अदायगीचा कायदा मिळवला. पण त्याच कायद्यात सुरुवातीपासून एक कलम होते: कोर्टाच्या किंवा दुसऱ्या सक्षम अधिकाऱ्याच्या हुकमाने करावी लागणारी कपात चालेल. दुसऱ्या सक्षम अधिकाऱ्याच्या, हे शब्द ध्यानात घ्या. आणि दिवाणी संहितेने सावकारात आणि लेकरात फरक केलेलाच आहे. सावकाराच्या देण्यापायी पगाराला हात लावायचा तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सोडावे लागतात. पोटगीच्या हुकूमनाम्यापायी एक-तृतीयांशच सोडावा लागतो. मुलाचा वाटा मालकाने कापलेला पगार नव्हे. तो आधीपासून मुलाचाच होता, बापाच्या खिशातून जात होता इतकेच. २००५ च्या कायद्यात तर मालकाने पगाराचा भाग परस्पर आईच्या हाती द्यावा असा हुकूम करण्याची सोय आहे. ती सोय फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: कलम २०, पोटकलम ६.

दुसरे एक म्हणणे ऐकू येते, आणि तेही आमच्याच लोकांकडून: "ती मूल भेटू देत नाही, मग पैसे का द्यावे?" भेटीचा हक्क आहे, तो मागावा, आणि कोर्टाने तो द्यावा. पण भाकरी म्हणजे भेटीचे तिकीट नव्हे.

आता खरी अडचण. या शेलूबाजारात पगारपत्रक असलेले बाप किती? येथे माणूस कधी शेतमजूर, कधी ट्रकवर, कधी गवंड्याच्या हाताखाली. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूरहून शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि आमच्या दाराशी त्याची वाट लागली. माणसे लांब जायला सोपे झाले, परत येणे त्यांच्या मर्जीवर. अशा बापाचे उत्पन्न कोणी धरायचे, आणि किती? आमचे उत्तर असे की, किमान वेतनाचा तक्ता आहेच. अंगाने धडधाकट माणूस तेवढे मिळवतो असे धरून चालावे. कमी मिळते असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते दाखवावे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली सांगितले आहे की, धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करूनही बायकोमुलांना पोसले पाहिजे. हे ओझे आज आईवर आहे. ते बापावर गेले पाहिजे. तो हाती लागलाच नाही, किंवा खरोखरच दुष्काळाने बुडालेला असला, तर जर्मनीसारखे सरकारने आगाऊ द्यावे. गरीब बापाला पिळून मूल पोसले जात नाही, हेही आम्ही जाणतो. पाच एकर कोरडवाहू, त्यावर पीककर्ज, आणि सोयाबीनला भाव नाही, असा बाप काय देणार? त्याच्यासाठी तक्त्यात सर्वांत खालची पायरी असावी. पण शून्याची पायरी नसावी.

कारभारी यंत्रणेवर आपला विश्वास नाही, असे कोणी म्हणेल. तलाठ्याच्या मागे फिरणाऱ्या माणसाला ते शिकवायला नको. कचेरीत चिरीमिरी आहे, गावकीचे वजन आहे, ज्याच्या घरी पुढारी जेवतो त्याचे उत्पन्न दाखल्यावर कमी होते. म्हणूनच तक्ता पाहिजे. अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा जितकी कमी, तितका खिशाचा उपयोग कमी. आणि हे काम तहसीलदाराच्या डोक्यावर आणखी एक पाटी म्हणून ठेवू नये. तालुक्याला एक पोटगी अधिकारी, शक्यतो स्त्री, हाताखाली दोन कारकून, हुकूम फलकावर नव्हे तर थेट दोघांच्या हाती.

राज्याला हे करता येईल काय? विवाह, अज्ञान मुले, फौजदारी प्रक्रिया हे विषय घटनेच्या समवर्ती यादीत आहेत. केंद्राच्या कायद्याशी अडकत असेल तेथे राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्य पाऊल टाकू शकते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. दिल्लीला तसा कायदा करायला २००५ साल उजाडले. संगमनेरच्या निशा शिवूरकरांसारख्यांनी टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न उभ्या महाराष्ट्रापुढे मांडला तोही येथेच. मुलांच्या हक्कांच्या जागतिक करारावर भारताने ११ डिसेंबर १९९२ ला मान्यतेची मोहोर उठवली. त्याच्या २७ व्या अनुच्छेदात पालकांकडून निर्वाहखर्च वसूल करून देण्याची जबाबदारी सरकारवर घातली आहे. आणि जिल्हा जवळ यायला किती वेळ लागतो हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? वाशीम जिल्हा १९०५ साली मोडला, तो १ जुलै १९९८ ला परत मिळाला. त्र्याण्णव वर्षे. लेकरू तेवढे थांबणार नाही.

तोवर काय करावे? येथे ज्या भगिनी बसल्या आहेत त्यांना चार गोष्टी सांगून थांबतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना वकील फुकट मिळतो. उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिच्याकडे साधा अर्ज द्यावा. आपण राहतो तेथल्या कोर्टात पोटगी मागता येते, नवऱ्याच्या गावी जावे लागत नाही. मुलाचा जन्मदाखला, शाळेची बोनाफाईड आणि फीची पावती, औषधांची बिले जपून ठेवावीत, आणि अर्जात मुलाची रक्कम आईच्या रकमेहून वेगळी मागावी, म्हणजे आईविषयीच्या वादात मुलाचे अडकत नाही. थकबाकीचा अर्ज वर्ष उलटू देऊ नये. आणि नवरा कोठे कामाला आहे हे कळत नसेल तर आमच्या युनियनच्या खोलीत यावे. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी आम्ही तेथे असतो. तो आमचा सभासद निघाला तरी पत्ता मिळेल.